गवतावरचा लिअर

'किंग लिअर' हे नाटक रंगभूमीवर यथार्थपणे उभे राहूच शकत नाही, या मताला इंग्रजी समीक्षेत शंभराहून अधिक वर्षे प्रतिष्ठा होती. 1811 मध्ये चार्ल्स लॅम्बने शेक्सपिअरच्या शोकात्मिकांवर जो निबंध लिहिला, त्यात लिअरची भूमिका मूलतःच रंगमंचाच्या आवाक्याबाहेरची ठरवली. लिअरची भव्यता देहात नसून बुद्धीत आणि वेदनेत आहे. नाटक वाचताना आपण लिअरला पाहत नाही, आपण स्वतःच लिअर होतो. रंगमंचावर मात्र पावसात काठी टेकीत चालणारा एक म्हातारा तेवढा दिसतो, असा लॅम्बच्या युक्तिवादाचा सारांश आहे. ए. सी. ब्रॅडली यांनी 1904 मध्ये हाच धागा पुढे नेला आणि 'लिअर' ही शेक्सपिअरची सर्वश्रेष्ठ निर्मिती असली तरी त्याचे सर्वोत्तम नाटक नव्हे, ते रंगभूमीच्या मानाने फार मोठे आहे, असा निर्वाळा दिला. भारतातील इंग्रजी विभागांनी ब्रॅडली ज्या श्रद्धेने स्वीकारला, तिच्याबरोबर हा निर्वाळाही आपोआपच स्वीकारला गेला.

सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी 29 वर्षे इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या एका प्राध्यापकांचे उदाहरण या दृष्टीने प्रातिनिधिक म्हणता येईल. पदव्युत्तर वर्गाला त्यांनी 'लिअर' अनेकदा शिकवले. लॅम्ब, ब्रॅडली, त्यांना उत्तर देणारे ग्रॅनव्हिल-बार्कर, पुढे प्रतिमासृष्टीचा अभ्यास, त्यापुढे संहितेच्या दोन पाठांचा वाद, या क्रमाने त्यांच्या टिपणांच्या वह्या जाड होत गेल्या. नाटकाचा इंग्रजी प्रयोग मात्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. आणि ही उणीव आहे असे त्यांना वाटावे, असे त्या परंपरेत काहीच नव्हते. ज्या नाटकाचे श्रेष्ठत्व वाचनातच सिद्ध होते, त्याचा प्रयोग न पाहण्यात हानी ती कोणती? 2022 च्या उन्हाळ्यात ते मुलीकडे अमेरिकेतील मॉन्टाना राज्यात गेले. तेथील एका लहान गावच्या बागेत, घडीच्या खुर्चीवर बसून, वयाच्या सत्तरीत त्यांनी 'लिअर' प्रथम पाहिला.

ज्या मंडळीने तो प्रयोग केला, तिची माहिती येथे देणे आवश्यक आहे. 'मॉन्टाना शेक्सपिअर इन द पार्क्स' ही संस्था 1973 मध्ये बोझमन येथील मॉन्टाना स्टेट युनिव्हर्सिटीत ब्रूस जेकबसन यांनी सुरू केली. मॉन्टानाचे क्षेत्रफळ सुमारे 3 लाख 81 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राहून बरेच अधिक. लोकसंख्या मात्र 2020 च्या जनगणनेनुसार 10 लाख 84 हजारांच्या आसपास. अशा विरळ मुलखात नाट्यगृहाने प्रेक्षकाची वाट पाहत बसणे निरर्थक असते. मंडळीच प्रेक्षकाकडे जाते. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या प्रारंभापर्यंत दहाच्या आसपास व्यावसायिक नट दोन नाटके घेऊन मॉन्टाना आणि शेजारच्या राज्यांतील सुमारे 60 गावे फिरतात. गाडीतून आणलेला मंच नटच उभा करतात, प्रयोग करतात, आणि प्रयोगानंतर नटच तो उतरवून पुन्हा गाडीत भरतात. प्रकाशयोजनेचा डामडौल नाही. प्रेक्षकाला तिकीट नाही. खर्चाचा काही भार स्थानिक यजमान उचलतात, आणि अनेक ठिकाणी नटांना आपल्या घरी उतरवून घेतात.

महाराष्ट्रातील नाट्येतिहासाच्या अभ्यासकाला या वर्णनात अपरिचित असे फारसे आढळणार नाही. बिऱ्हाड पाठीवर घेऊन गावोगाव हिंडणाऱ्या मंडळ्यांनीच शेक्सपिअर मराठी प्रेक्षकांपर्यंत नेला. आगरकरांचे 'विकारविलसित' 1883 मध्ये प्रसिद्ध झाले, देवलांचा 'झुंझारराव' 1890 चा. आणि शाहूनगरवासी मंडळीत गणपतराव जोशी यांनी हॅम्लेट उभा केला तो ज्यांच्यासमोर, त्यांतील बहुसंख्यांनी मूळ नाटकाचे एक पानही वाचलेले नसणार. एकाच काळात आणि एकाच प्रदेशात अशा रीतीने दोन शेक्सपिअर नांदत होते. एक मंडळीचा, गॅसबत्तीच्या उजेडातला, रूपांतरित आणि गजबजलेला. दुसरा महाविद्यालयातला, कागदावरचा आणि परीक्षेचा. दुसऱ्याला पहिल्याची गरज कधी भासली नाही, हे आपल्या इंग्रजी अध्यापनाचे एक व्यवच्छेदक लक्षण म्हणावे लागेल.

अमेरिकेतही ही फारकत झाली, परंतु ती वेगळ्या मार्गाने. लॉरेन्स लेव्हिन यांनी 1988 मधील 'हायब्राउ/लोब्राउ' या ग्रंथात असे दाखवून दिले की, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शेक्सपिअर हा अमेरिकन लोकरंजनाचा सहज भाग होता. खाणींच्या वस्त्यांत आणि नदीकाठच्या गावांत तो प्रहसने व गाणी यांच्या शेजारी बसून होता. शतकाच्या अखेरीस त्याला उच्चभ्रूंच्या देव्हाऱ्यात नेऊन बसवण्यात आले. 10 मे 1849 रोजी न्यूयॉर्कमधील ॲस्टर प्लेस येथे इंग्रज नट मॅक्रेडी आणि अमेरिकन नट फॉरेस्ट यांच्या चाहत्यांच्या वैरातून दंगल उसळली, लष्कराच्या गोळीबारात वीसहून अधिक माणसे मेली. मॅक्रेडी त्या रात्री मॅकबेथ करीत होता. शेक्सपिअर कोणाचा, या प्रश्नासाठी रस्त्यावर रक्त सांडले जावे, इतका तो त्या काळी सर्वांचा होता.

मॉन्टानाच्या परिसरात या लोकप्रियतेची एक आख्यायिका आवर्जून सांगितली जाते. रॉकी पर्वतातला वाटाड्या जिम ब्रिजर निरक्षर होता. त्याने बैलजोडी देऊन शेक्सपिअरचा ग्रंथ मिळवला आणि तो वाचून दाखवण्यासाठी महिना 40 डॉलरवर एक मुलगा ठेवला, अशी आठवण त्याला ओळखणाऱ्या एका लष्करी अधिकाऱ्याने नोंदवली आहे. 'तिसरा रिचर्ड' ऐकताना त्या राजाचे क्रौर्य सहन न होऊन ब्रिजरने पुस्तक आगीत टाकले, असा तिचा शेवट. आख्यायिकेत पदरचे किती, हे ठरवणे कठीण. परंतु लॅम्बच्या आदर्श वाचकाशेजारी हा निरक्षर श्रोता उभा केला की एक गोष्ट लक्षात येते. दोघेही नाट्यगृहाबाहेरचे, दोघेही शब्दांवर विसंबणारे. फरक इतकाच की, लॅम्बला ग्रंथ जपून ठेवता आला आणि ब्रिजरला त्याच्याशी भांडण काढावे लागले.

लॅम्बच्या मताचीही एक ऐतिहासिक बाजू आहे आणि ती वर्गात सहसा सांगितली जात नाही. 1681 मध्ये नेहम टेटने 'लिअर'चे सुखान्त रूपांतर केले; त्यात विदूषक नाही, कॉर्डीलिया जिवंत राहते आणि एडगरशी तिचा विवाह होतो. दीडशे वर्षे इंग्लंडच्या रंगभूमीवर हाच 'लिअर' होत असे; विदूषकासह मूळ नाटक मॅक्रेडीने परत आणले ते 1838 मध्ये. म्हणजे लॅम्बने जे नाटक रंगभूमीवर अशक्य ठरवले, ते त्याच्या हयातीत रंगभूमीवर पूर्णांशाने कधी आलेच नव्हते. याउलट शेक्सपिअर जिवंत असताना, 1609-10 च्या हिवाळ्यात, इंग्लंडच्या उत्तरेकडे यॉर्कशरमध्ये हिंडणाऱ्या एका फिरत्या कॅथलिक मंडळीने गाउथवेट हॉल या वाड्यात 'लिअर'चा प्रयोग केल्याचे एका खटल्याच्या कागदपत्रांवरून कळते. नाटकाची क्वार्टो आवृत्ती 1608 मध्ये छापली गेली होती. छापील प्रत पिशवीत टाकून गावोगाव फिरणारे हे नट 'लिअर'च्या प्रयोगपरंपरेच्या अगदी उगमापाशी आहेत. समीक्षकांचा अशक्य 'लिअर' त्यानंतर दोनशे वर्षांनी जन्मला.

प्राध्यापकांना यातले बरेचसे ठाऊक होते. ठाऊक नव्हता तो उजेड. उत्तरेकडच्या त्या अक्षांशावर जुलैत सूर्य नऊच्या सुमारास मावळतो. सायंकाळी सुरू झालेल्या प्रयोगात वादळाचा प्रवेश आला तेव्हा आकाश निरभ्र होते, गवतावर लांब सावल्या पडल्या होत्या आणि पहिल्या रांगेच्या पुढे दोन लहान मुले काहीतरी खात बसली होती. लिअर वाऱ्याला आणि पावसाला आव्हान देत होता. वारा होता, पण तो पोशाखाची किनार हलवण्यापुरता. वादळ कोठेच नव्हते. आणि तरीही ते होते. आपल्या टिपणांतला ग्रॅनव्हिल-बार्कर यांचा 1927 मधला मुद्दा त्यांना त्या क्षणी प्रथमच विधान म्हणून न कळता अनुभव म्हणून कळला: वादळ हे निसर्गातले म्हणून नाट्यदृष्ट्या महत्त्वाचे नाही, त्याचा लिअरवर होणारा परिणाम महत्त्वाचा आहे, आणि तो शेक्सपिअरने नटाच्या वाणीवर सोपवला आहे. ग्लोब नाट्यगृह वरून उघडे होते. प्रयोग दुपारच्या उजेडात होत. लॅम्बला खटकले ते त्याच्या काळच्या नाट्यगृहातले वादळाचे यंत्र. यंत्र नसले की म्हातारा लहान दिसत नाही. उजेडात बसलेल्या दोनशे माणसांनी जे नाही ते मान्य करायचे एकमताने ठरवलेले असते, आणि त्या ठरावात प्रत्येकाला शेजाऱ्याचा चेहरा दिसत असतो. अंधाऱ्या नाट्यगृहातला प्रेक्षक एकटा असतो. बागेतल्या प्रेक्षकाला तशी मुभा नसते.

ग्लॉस्टरच्या कड्याचा प्रवेश या दृष्टीने अधिक गुंतागुंतीचा आहे. आंधळ्या बापाला एडगर सपाट जमिनीवर चालवत नेतो आणि शब्दांनी डोव्हरचा कडा उभा करतो. प्रेक्षकाला जमीन सपाट दिसते, ऐकू मात्र कडा येतो. नाट्यचिन्हांचा विचार करणाऱ्यांनी या प्रवेशावर पुष्कळ लिहिले आहे, कारण येथे नाट्यसंकेतच उघडा पडतो. शब्दाने जागा निर्माण करणे ही त्या रंगभूमीची मूळ रीत; आपण एरवी ज्या शब्दांवर भरवसा ठेवतो, तेच येथे फसवतात. उघड्यावरच्या प्रयोगात यात आणखी एका स्तराची भर पडते. याच मंडळीचा एक नावाजलेला मुक्काम मॉन्टानाच्या आग्नेय भागात, बर्नी या चिमुकल्या वस्तीजवळच्या पोकर जिम ब्यूट या टेकडीवर असतो. तेथे भोवताली खरेच कडे आणि खरेच दूरवरचे खोरे आहे. आसपासच्या रँचवरची कुटुंबे लांबलांबून मोटारी हाकत येतात. शब्दातला कडा आणि डोळ्यांपुढचा कडा एकाच वेळी हजर असतील, तर चिन्ह कोणते आणि चिन्हित कोणते? बंद नाट्यगृहातल्या प्रयोगावर बेतलेली नाट्यचिन्हमीमांसा या प्रश्नाला पुरी पडत नाही.

आणि ही जागा निरपराधही नाही. पोकर जिम ब्यूट ज्या राष्ट्रीय वनात आहे, त्याला कस्टरचे नाव आहे. 25 जून 1876 रोजी लिटल बिगहॉर्नच्या लढाईत लाकोटा आणि शायान योद्ध्यांनी ज्याचा पराभव करून वध केला, तोच हा कस्टर. शेजारीच नॉर्दर्न शायान लोकांचा राखीव प्रदेश आहे. त्यांना दक्षिणेकडे, आजच्या ओक्लाहोमात हलवण्यात आले होते; 1878 मध्ये ते तेथून पायी निघाले, वाटेत अनेक जण मारले गेले आणि 1884 मध्ये अध्यक्षीय आदेशाने त्यांना हा प्रदेश मिळाला. 1887 च्या डॉज कायद्याने आदिवासींच्या सामायिक जमिनींचे नकाशावर तुकडे पाडून ते माणशी वाटून देण्याचे धोरण देशभर आणले, आणि उरलेली जमीन इतरांसाठी खुली केली. 'लिअर'च्या पहिल्याच प्रवेशात राजा नकाशा मागवतो आणि त्यावर बोट ठेवून राज्य वाटतो. ज्या मातीने अशी वाटणी सोसली आहे, तिच्यावर हा नकाशा उलगडला जातो तेव्हा तो इंग्लंडचा नकाशा उरत नाही. शेक्सपिअर सर्वांचा आहे, हे अशा उपक्रमांचे आवडते वचन. ते खोटे नाही. पण 'सर्व' या शब्दात कोण येऊन बसले आहे आणि कोणाला त्या बैठकीचे आमंत्रण कधी जिव्हाळ्याचे वाटलेच नाही, हे विचारल्याशिवाय ते खरेही होत नाही. विनामूल्य असणे म्हणजे सर्वांसाठी असणे नव्हे. जोसेफ पॅप यांनी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील प्रयोगांना तिकीट लावावे, हा उद्यान आयुक्त रॉबर्ट मोझेस यांचा आग्रह 1959 मध्ये न्यायालयापर्यंत जाऊन परतवला. तो लढा दारावरच्या पैशाशी होता. दाराच्या आतल्या अदृश्य पायरीशी लढणे त्याहून दीर्घ काम आहे.

परंतु याच जमिनीमुळे मॉन्टानाच्या प्रेक्षकाला 'लिअर'मधले असे काही कळते, जे ब्रॅडलीच्या वाचकाला कळण्याची शक्यता कमी. रँच म्हणजे अनेक पिढ्यांची जमीन. ती बापाने केव्हा सोडायची, कोणत्या मुलाला द्यायची, तुकडे पाडले तर ती जगवील काय, हे तेथल्या कुटुंबांचे रोजचे प्रश्न आहेत. जेन स्मायली यांनी 1991 मधील 'अ थाउजंड एकर्स' या कादंबरीत 'लिअर' आयोवातल्या शेतावर नेला, तो याच जाणिवेने. मराठीत 'लिअर'चे सर्वांत प्रभावी रूप म्हणजे शिरवाडकरांचे 'नटसम्राट'. 1970 मध्ये ते रंगभूमीवर आले तेव्हा लिअरचे राज्य शहरी मध्यमवर्गीय बापाची आयुष्यभराची कमाई झाले, आणि राजाचा नट झाला. हे स्थित्यंतर कल्पक आहे, त्याने मराठी प्रेक्षकाला अमाप दिले. पण त्यात जमीन गेली. ज्या समाजात वाटणीपत्र आणि सातबारा यांच्याइतके नाट्यमय कागद दुसरे नाहीत, त्या समाजाच्या 'लिअर'मधून नकाशा नाहीसा झाला, याची मराठी समीक्षेने पुरेशी दखल घेतलेली दिसत नाही.

त्या सायंकाळी प्राध्यापकांना जे उमगले, ते मात्र नकाशावरून उमगले नाही. पहिल्या प्रवेशात, कॉर्डीलियाला घालवून दिल्यावर, लिअर उरलेल्या व्यवस्थेची घोषणा करतो: शंभर सरदारांसह आपण थोरल्या दोन मुलींकडे महिन्यामहिन्याने आलटून पालटून राहू. वाचनात ही ओळ व्यवहाराची. कथानकाला गती देऊन ती संपते. नटाने ती उदारपणाच्या सुरात, हात पसरून म्हटली आणि पुढच्या रांगांतली काही वयस्क माणसे किंचित हसली. आपण काय ऐकले हे प्राध्यापकांना त्या हसण्याने कळले. महिन्यामहिन्याने म्हणजे पाळीने. त्यांच्या वडिलांनी नऊ एकर जमीन हयातीतच तिघा मुलांत वाटली होती, आणि नंतरची अकरा वर्षे ते महिन्याच्या पाळीने तिघांकडे राहिले. एक तारखेला पत्र्याची पेटी घेऊन ते तालुक्याच्या एस. टी. स्थानकावर उतरत. एकतीस दिवसांचा महिना कोणाच्या वाट्याला वारंवार येतो, यावरून भावाभावांत एकदा बोलणे झाले होते, आणि त्या बोलण्यात इंग्रजीचे प्राध्यापक गप्प बसले नव्हते. त्याच वर्षांत ते पदव्युत्तर वर्गात गॉनरिल आणि रीगन शंभराचे पन्नास, पन्नासाचे पंचवीस कसे करीत जातात, यातील संख्यांची उतरंड फळ्यावर लिहून दाखवीत होते. कृतघ्नतेचे आशयसूत्र अधोरेखित करीत होते. समोर बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांच्या घरी आजोबा असेच पाळीवर होते. पाळी हा शब्द वर्गात कोणीच उच्चारला नाही. फळ्यावर लिहिणाऱ्याने नाही, वहीत उतरवून घेणाऱ्यांनीही नाही.

याला केवळ एका व्यक्तीच्या आत्मवंचनेचे उदाहरण मानणे सोपे आहे, पण अपुरे आहे. आशयाला 'वैश्विक' म्हणण्याची जी सवय या अध्यापनपरंपरेने लावली, ती आपल्या घराकडे न पाहण्याची सोयही करून देते. लिअरचे दुःख सर्व मानवजातीचे ठरले की ते कोणा एका बापाचे, एका पेटीचे राहत नाही. लॅम्ब म्हणाला होता की वाचताना आपण लिअर होतो. आणि या वाक्यातले सुख असे की लिअर झालेल्या वाचकाला आपण गॉनरिल आहोत काय, हे विचारावे लागत नाही. प्रयोगात नट लिअर असतो. प्रेक्षकाला ती जागा मोकळी नसते, म्हणून त्याला आपली दुसरी जागा शोधावी लागते. लॅम्बच्या सिद्धान्तातली खरी उणीव येथे आहे. ती वादळाच्या यंत्रात नाही. आणि उजेडातल्या, शेजाऱ्याचे हसू ऐकू येणाऱ्या प्रयोगात ही जागा अधिक लवकर सापडते, एवढे तरी या एका सायंकाळवरून म्हणता येईल.

यावरून प्रयोग हा नेहमीच संहितेहून श्रेष्ठ, असा उलट टोकाचा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. फिरत्या मंडळीला नाटक कापावे लागते, आणि प्रत्येक काट हे एक अर्थनिर्णयन असते. क्वार्टो आणि फोलिओ यांतील फरकांचा 1980 नंतर जो पुनर्विचार झाला, त्याने खुद्द शेक्सपिअरची संहिताही अशा फेरफारांतून सिद्ध झाल्याचे अनेकांना पटवले. ग्रंथ आणि गवत यांत निवड करायची नाही. ग्रंथात जे निसटते ते कोणत्या परिस्थितीत दिसू लागते, याची मीमांसा करायची आहे. आपल्याकडे ती परिस्थिती दुर्मीळ नाही. यात्रेतला तंबू, देवळासमोरचे पटांगण, शाळेचे मैदान, सारे उपलब्ध आहे. इंग्रजी विभागांनी तेथपर्यंत जायचे आहे.

प्रयोग संपल्यावर नट मंचाच्या फळ्या उतरवू लागले. काही गावकरी हात लावायला पुढे झाले. मुलगी म्हणाली, "बाबा, थंडी पडेल, निघू या." प्राध्यापक थोडा वेळ तसेच बसून होते. महाराष्ट्रात परतल्यावर त्यांनी 'लिअर'ची जुनी प्रत काढून पाहिली. 29 वर्षांच्या टिपांनी तिचे समास काळे झाले होते. महिन्याच्या त्या ओळीशेजारी फक्त एका शब्दाचा अर्थ पेन्सिलने लिहिलेला होता, तोही परीक्षेत कधी विचारला गेला नव्हता.